मधल्या बटणावरची लेक

माझी आई मेडशीला भावाकडे राहते. तिला अक्षरओळख नाही, पण तिच्या साध्या फोनवर आम्हा भावंडांच्या जागा ठरलेल्या होत्या. बरोबर मधलं, बोटाला लागणाऱ्या ठिपक्याचं बटण माझं. तुरीच्या वावरात उभ्या उभ्या ती न बघता ते दाबून धरायची आणि इकडे कारंज्यात माझा फोन वाजायचा. मग गाऱ्हाणी सुरू. गुडघा, शेजारीण, वहिनीच्या भाजीतलं मीठ, काही म्हणून सुटायचं नाही.

तो फोन बिघडला तेव्हा आम्ही हौसेनं तिला टचचा मोठा फोन घेतला. स्क्रीनवर आमचे फोटो लावले. फोटोला बोट लावलं की फोन लागणार, याहून सोपं काय असतं?

पण निंदण-खुरपण करून राठ झालेलं आईचं बोट त्या काचेला कधी कळायचं, कधी नाही. मग तिनं जुन्या सवयीनं चांगलं दाबून धरलं. माझा फोटो थरथरला, सरकला आणि गायब झाला. वहिनीच्या फोनवरून तिचा घाबरा आवाज आला.

"मी तुले पुसून टाकलं का वं पोरी?"

"अगं, फोटो गेला फक्त. मी आहे ना!"

"बटन दाबलं तं बोटाले समजे. ह्या काचेचं काय, हात लावला की फोटू पयते."

त्यानंतर तिनं त्या फोनला हातच लावला नाही. वहिनी फोन लावून द्यायची आणि शेजारीच उभी राहायची. आई म्हणायची, "बरं हाय. तू बरी हायेस ना?" संपलं. भाऊ खूश होता. "माय आता कटकट नाही करत," म्हणाला. मला मात्र धसका बसला. माझ्या आईचं इतकं बरं कधीच नव्हतं! वहिनी स्वभावानं चांगली आहे, पण सुनेचं गाऱ्हाणं सुनेसमोर कोण सांगेल? लेकीशी एकटीनं बोलायची सोय त्या एका बटणात होती, हे फोन बनवणाऱ्यांच्या गावीही नसावं. आमच्या तरी कुठं होतं म्हणा.

साधा फोन मागितला तेव्हा कारंज्यातला मोबाइलचा दुकानदार हसला. "ताई, सारी दुनिया पुढं चालली अन् तुमी मांगं काहून?" तरी त्यानं खालच्या फळीवरून बटणांचा एक फोन काढून दिला. असे मागणारे अजून येतात म्हणे.

रविवारी मेडशीला गेले. दिवसभर घरात सगळे होते, त्यामुळे आमचं बोलणं पाहुण्यांसारखंच झालं. मधल्या बटणावर माझा नंबर टाकून दिला आणि परतीच्या एसटीत बसले. गाडी फाट्यापर्यंतही आली नसेल, तोच फोन वाजला.

"पोरी, मी वावरात आली. इथं कोनी नाही."

मी म्हटलं, "बोल आई."

ती बराच वेळ नुसती रडली.