जावयाच्या शर्टाचा खिसा

माझ्या शिलाईत चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं आमचे शिंपी मामा ज्याला त्याला ऐकवतात. स्वभाव असा की नाकावर माशी बसू देत नाहीत. मोबाइलच्या लहरी अंगाला बऱ्या नव्हेत, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि घरादाराच्या मागे लागले. फोन उशाशी घ्यायचा नाही, झोपताना वायफाय बंद, इथपर्यंत आम्ही माना डोलावल्या. पण मामा स्वतः फोन हातभर लांब धरून ओरडून बोलायला लागले आणि आमच्या घरच्या भानगडी गल्लीला तोंडपाठ झाल्या.

ताईचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि मामांना नवा घोर लागला. जावई फोन ठेवायचा शर्टाच्या खिशात, अगदी काळजावर. कितीदा सांगून पाहिलं. तो गोड हसून "हो मामा" म्हणायचा आणि फोन पुन्हा तिथंच. शेवटी मामांनी बोलणं सोडलं आणि त्याला कौतुकानं सगळे शर्ट स्वतः शिवून दिले. खिशाला झाकण, झाकणाला बटण.

"खिसा जरा कुरकुरतो, मामा."

"आत कॅनव्हास घातलाय. आकार धरतो."

काही महिन्यांनी ताई बॅग घेऊन माहेरी आली. रडून रडून डोळे सुजलेले.

"घराबाहेर पडला की याचा फोन लागत नाही. रोज! विचारलं तर म्हणतो, चालूच होता. मी काय दूधखुळी आहे?"

तिचा संसार असा दारात येऊन बसलेला बघून मी तिची बॅग उचलून आत ठेवली. मामा तर भडकलेच. "येऊ दे त्याला, उभा फाडतो!"

संध्याकाळी जावई आला. आत यायची हिंमत होईना, उंबऱ्यावरूनच बोलला. "मामा, शपथ घेतो. कार्ड बदललं, फोन बदलला. खिशात नुसता तापतो, दुपारपर्यंत बॅटरी खलास. घरी टेबलावर ठेवला की ठणठणीत."

मामांची नजर त्याच्या खिशावर गेली आणि तिथंच राहिली. ताई दाराआड मुसमुसत होती. मामांनी दोनदा घसा खाकरला.

"शर्ट काढ," ते म्हणाले. "शिलाईत चूक आहे."

"जन्माला आला म्हणायचा एकदाचा," मामी पुटपुटली.

मामांनी खिसा उसवला. आतून जेवण बांधायचा चंदेरी कागद निघाला, चांगला दुपदरी.

"तुझ्या काळजाला जपत होतो रे," मामा खाली मान घालून म्हणाले. "फोन बिचारा आत रेंजसाठी बोंबलून तापत होता."

तेवढ्यात जावयाच्या हातातला फोन थरथरायला लागला. अडकलेले निरोप एकामागून एक आले. कुठं आहेस? उचल ना. मी चालले माहेरी. शेवटचा त्याच दुपारचा होता, घ्यायला येशील ना? तो वाचून जावई एकदम आत शिरला, बनियनवरच.

"घ्यायला आलोय," तो म्हणाला.

ताईनं बॅग उघडलीच नव्हती.