चाकांवरचं घर आणि चांगला महिना

मिरजेच्या रस्त्याला आमच्या शाळेसमोर एक पेन्शनीत निघालेले सुभेदार राहत. त्यांच्या घरापुढं दुसरं घर उभं होतं, चाकांवर. लिलावातला फौजी ट्रक घेऊन त्यांनी आत दोन बाकडी, स्टोव्ह, मांडणी आणि फुलाफुलांचा पडदा बसवला होता. बायकोनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तो तिला दाखवायचा होता. अडलं होतं ते फक्त चांगल्या महिन्यावाचून.

रोज सकाळी सुभेदार बुटाच्या टोकानं टायर ठोकून बघत, मग आभाळाकडं बघत आणि मला हाक मारत, "मास्तर, तुमी बी.ए. झालाय. कंचा म्हैना धरू?"

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, सल्ला द्यायला कधी मागं सरलो नाही.

"जानेवारी धरा."

"तवा रस्ताभर उसाच्या गाड्या."

"मग एप्रिल?"

"पत्रा तापतोय. आन् लग्नसराईत गेलो तर भावकी काय म्हनंल?"

पावसाळ्याचं तर नावच काढू देत नसत. सुभेदारीणबाई दरवर्षी पडदा धुवून पुन्हा टांगायच्या. टायरांभोवती गवत वाढलं, बाकड्याखाली कोंबडी अंडी घालू लागली.

मग एका मे महिन्यात बाई शेजारणींबरोबर एस.टी.नं रत्नागिरीला जाऊन आल्या. तोंड उन्हानं रापलं होतं. सुभेदार ट्रकच्या पायरीवर बसले होते.

"मे म्हैन्यात कोन जातंय व्हय? हवा कशी हुती?"

"लय उकाडा," पिशवी खाली ठेवत बाई म्हणाल्या. "पर समुद्र हुता की!"