गोठ्यापाशी वळलेली रेघ

पापड हातात आला की काका तो सरळ खायचे नाहीत. आधी एक बाजू मोडायची, मग खालच्या कोपऱ्याला जपून एक चावा घ्यायचा, आणि उरलेला तुकडा माझ्या नाकासमोर धरून विचारायचं, "ओळख, कुठलं राज्य?"

"महाराष्ट्र," मी मुद्दाम म्हणायचे.

"अगं, मिसुरी. खाली ही टाच दिसत नाही तुला?"

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा नमुना असेलच. कुणाला होमिओपॅथीचं वेड असतं, कुणाला शेअर बाजाराचं. आमच्या कात्रपच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या या काकांना अमेरिकेतल्या राज्यांच्या हद्दींचं वेड होतं. सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून झालेली. मुलगी अमेरिकेत. ती एकदा येऊन गेली तेव्हा नातवाचं लाकडी कोडं इथेच राहिलं. एकेका राज्याचा एकेक तुकडा, सगळे नीट बसवले की अमेरिका तयार. काकू गेल्यापासून संध्याकाळ त्यांना खायला उठायची, म्हणून ते कोडं घेऊन बसले आणि बसले ते बसलेच. जन्मभर पट्टीने रेघा मारलेला माणूस तो. हा तुकडा असा का, याला शेपूट कोणी ठेवलं, याचा कोपरा कोणी खाल्ला, याने त्यांची झोप उडाली. मग त्यांनी इंटरनेट पालथं घातलं, मुलीला फोन करून करून पिडलं, आणि ती फोन उचलेनाशी झाल्यावर माझा नंबर लागला.

मी भाजी घेऊन जिना चढत असायचे आणि हे दारात उभे. डेलावेअरचं डोकं गोल का, हे ऐकून होईपर्यंत कोथिंबीर मान टाकायची. तिथल्या एका गावातलं कोर्ट मध्यभागी धरून कंपासने वर्तुळ मारलं होतं म्हणून. बघा, माझंही पाठ झालंय. काय करणार, शेजार आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रेघ सरळ दिसली की समजायचं, मारणारा तिथे गेलाच नव्हता." पश्चिमेकडची राज्यं म्हणे राजधानीत बसून पट्टीने कापली. खाली डोंगर आहे की नदी, तिथे आधीपासून कोण राहतंय, कुणी विचारलं नाही. "आणि जिथे रेघ वाकडी, तिथे कुणीतरी भांडलंय, नाहीतर कुणीतरी रडलंय."

पापड आणायला आम्ही कधीकधी माझ्या स्कूटीवरून उल्हासनगरला जायचो, कॅम्प पाचला. तिथल्या सिंधी दुकानदाराला काकांनी एकदा हे वाक्य हिंदीत करून ऐकवलं. त्याने शांतपणे मिरीचे पापड मोजून पिशवीत भरले आणि म्हणाला, "काका, हमारे दादाजी बँटवारे की ऐसी ही एक लकीर की वजह से यहाँ आए थे. सुबह सुबह लकीर का नाम मत लो." त्या दिवशी परत येताना काका स्कूटीवर गप्प होते. अर्ध्या वाटेवरच्या चिखलोलीपर्यंत तरी.

एरवी मी त्यांची थट्टा करायचे, पण ओक्लाहोमाच्या वेळी मला ती सुचली नाही. त्या राज्याला तव्याच्या दांड्यासारखी एक पट्टी आहे. ती कुठून आली? तर तिथे एक रेघ ठरली होती, तिच्या उत्तरेला गुलाम ठेवायचे नाहीत. खालच्या टेक्सासची थोडी जमीन रेघेच्या वर जात होती. "तर त्यांनी काय केलं असेल?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, "तिथले गुलाम सोडले असतील." काका म्हणाले, "जमीन सोडली, तीच ही पट्टी. जमीन सोडवली त्यांना, पण माणसं सोडवली नाहीत." तो तुकडा त्यांनी कोड्यात बसवला आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले.

आता मूळ गोष्टीवर येते. काका मूळचे पालेगावचे. तिथे त्यांची आणि थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, मिळून थोडी वडिलोपार्जित जमीन होती, वाटणी नुसती तोंडी. दादा शेतीवर राहिले, काका नोकरीला आले. दोघांचं बोलणं बंद होतं, आणि तेही एका विनोदावरून. दादांनी नवा गोठा बांधला, गावजेवण घातलं. भर पंक्तीत काका म्हणाले, "दादा, तुझी म्हैस माझ्या वाट्यावर बसून रवंथ करतेय. भाडं लावू का?" गोठा खरंच थोडा काकांच्या बाजूला सरकला होता. लोक हसले. दादांनी ताट बाजूला सारलं आणि उठले. तेव्हापासून भाऊ समोर आला तरी दादा त्याच्या पलीकडच्या झाडाकडे बघायचे. काका मला सगळं जग सांगायचे, पण हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा. "चार माणसांत बोललो गं मी. घरात बोललो असतो तर त्याने मला बुक्का घातला असता आणि संपलं असतं."

मग पालेगावात बिल्डर फिरायला लागले, घरोघरी वाटण्या सुरू झाल्या. यांचीही सरकारी मोजणी लागली. काकांनी मला बळेच बरोबर नेलं. एकट्याने जायची हिंमत नव्हती, दुसरं काय.

दोघा भावांनी संमतीने रेघ दाखवायची आणि मोजणीदाराने ती मोजून नकाशावर घ्यायची, असं ठरलेलं. मोजणीदार घाईत होता. म्हणाला, "सरळ मारून टाकू, दोघांना सारखं." सरळ मारली असती तर गोठा मधोमध चिरला असता. काकांनी चुन्याच्या फक्कीची पिशवी उचलली आणि स्वतःच पांढरी रेघ ओढत निघाले. गोठ्यापाशी आल्यावर वळले, गोठ्याला पूर्ण वळसा घातला, शेणाच्या खड्ड्यालाही घातला, आणि मग पुन्हा मूळ वाटेला लागले.

"काका, हे काय काढलंत?" मोजणीदाराने विचारलं.

"मिसुरीची टाच. तिथे एक जमीनदार होता. सरळ रेघ मारली असती तर त्याची जमीन पलीकडे गेली असती. तो हटून बसला, मग रेघेलाच वळावं लागलं."

"काका, हे पालेगाव आहे."

दादा हातभर अंतरावर उभे होते. ते आपल्या बायकोला म्हणाले, "त्याला सांग, मना भीक नको. गोठा तोडीन मी."

काकाही तिलाच म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, भीक कोण देतंय? बदल्यात मागचा कातळ मला पायजे."

तो कातळ म्हणजे नुसता उघडा खडक. गवतसुद्धा धरत नव्हता. दादांच्या मिशा हलल्या. "त्याला सांग, ने म्हनावं. डोक्यावर घेऊन नाच."

"ऐकलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. त्या बिचाऱ्या मधे उभ्या राहून कंटाळल्या होत्या.

सह्या झाल्या, चहा झाला. चहा पिता पिता काकांनी सगळ्यांना मिशिगनची गोष्ट सांगितली. मिशिगन आणि ओहायो एका पट्टीवरून भांडले, बंदुका घेऊन माणसं उभी केली. शेवटी पट्टी ओहायोला गेली आणि मिशिगनच्या गळ्यात सरोवरापलीकडचं ओसाड रान मारलं. सगळे म्हणाले, मिशिगन बुडालं. इथे काका थांबले. दादा खूश होऊन मिशीवरून हात फिरवत होते.

मला पुढची गोष्ट पाठ होती. भांडी आत न्यायला गेले तेव्हा वहिनींनी विचारलं, "मग त्या बुडालेल्याचं काय झालं?" मी म्हटलं, "नंतर त्या रानात तांबं निघालं, लोखंड निघालं. तोच श्रीमंत झाला." मी सांगितलं, आणि बरं केलं, ते पुढे कळेलच.

परत येताना मी काकांना विचारलं, "तो कातळ कशाला घेतलात?"

"दादाला फुकटचं पचत नाही. त्याला वाटायला हवं की त्याने मला गंडवलं."

"पण बोलले नाहीतच ना ते?"

"'त्याला सांग' म्हणाला की. एवढी वर्षं तेही नव्हतं." आणि त्यांनी रुमालाने नाक पुसलं. धूळ फार आहे म्हणाले.

पुढे काय व्हावं? गावाच्या मागच्या अंगाने नव्या रस्त्याची आखणी आली, ती नेमकी कातळाला लागून. मागचा कातळ पुढचा झाला, त्याचा भाव चढला. देवाशपथ सांगते, काकांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण वहिनींना माझं तांबं आठवलं, आणि त्यांनी ते दादांच्या कानावर घातलं.

रविवारी सकाळी आमच्या गेटवर आरडाओरडा. दादा उभे. "बाला, खाली ये. तुला ठाव होता. तांबा निघनार, तुला आधीच ठाव होता."

वॉचमन धावत मीटर रूमकडे गेला, त्याला वाटलं तांब्याची वायर चोरीला गेली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. काका बनियनवर बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण. मला वाटलं घाबरले असतील. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "'बाला' म्हणाला तो मला, लहानपणीसारखं. वहिनीला मधे न घेता." आणि तसेच साबणासकट खाली पळाले.

दोघे दुपारपर्यंत भांडले, माझ्याकडे जेवले, जेवून पुन्हा भांडले. काका म्हणाले, रस्त्याकडचा अर्धा कातळ तू घे. दादा म्हणाले, भीक नको. मग दर रविवारी हेच. दादा पालेगावहून रिक्षाने यायचे, काका पेपरच्या मार्जिनवर नवी रेघ काढायचे, दादा ती खोडायचे. मिटवायचं दोघांनाही नव्हतं, हे आख्ख्या मजल्याला कळत होतं. मिटलं असतं तर रविवारी करायचं काय?

मागच्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच. मुलगी आली, सगळं आवरलं, कुलूप लावून गेली.

त्यानंतरच्या रविवारी दार उघडलं तर दादा समोरच्या बंद दाराच्या उंबऱ्यावर बसलेले. मी हात धरून आत आणलं, चहा ठेवला. ते माझ्या दारातून समोरच्या कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता भांडू कोनाशी?"

मी म्हटलं, "माझ्याशी भांडा."

त्यांनी डोळे पुसले, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "चहात साखर नाय."

होती. चांगली दोन चमचे होती. मी कंबर कसली आणि भांडायला बसले.