आमच्या शनिवार मंडळातील अमेरिकन बाई

किस्से कोणी जमवीत नाही; ते सभागृहाच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या छत्र्यांसारखे साठत जातात. दर शनिवारी कोणीतरी एखादा मागे ठेवून जातो आणि वर्ष सरताना पाहावे, तर पाय ठेवायला जागा उरलेली नसते. आमच्या मंडळाचे तसेच झाले आहे. मुलांच्या नोकऱ्यांमागून सिंगापुरात आलेले आम्ही दहा-अकरा निवृत्त लोक शनिवारी सकाळी दहा वाजता बुओना व्हिस्टाच्या एका गृहसंकुलातील फंक्शन रूममध्ये जमतो आणि गाणे ऐकतो. चपला दाराबाहेर काढून, सतरंजीवर किंवा गुडघ्यांच्या मगदुराप्रमाणे खुर्चीवर बसून, मध्ये न बोलता ऐकतो. मध्ये न बोलण्याचा नियम माझा आहे. तो पाळला जातो असे मी म्हणत नाही.

गेल्या वर्षी मुग्धाने आमच्यापुढे एक अमेरिकन गायिका ठेवली. मुग्धा इथल्या विद्यापीठात संशोधन करते आणि आमच्यातली ती एकटीच तिशीतली आहे. "पॉप आणि सोल गाते. पन्नास वर्षांची कारकीर्द आहे. आपण टप्प्याटप्प्याने ऐकू या," ती म्हणाली.

गोडबोल्यांनी हरकत घेतली. गोडबोले निवृत्त अभियंते. परंतु मंडळात त्यांची ओळख पेटीवाले अशीच आहे.

"ऐकायला ना नाही," ते म्हणाले, "पण इंग्रजी गाण्यात मान कुठे हलवायची, तेवढं आधी सांगून ठेव."

मी एका मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारून बारा टप्प्यांचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. गायिकेचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण मंडळातही ते कोणी घेत नाही. मोठ्या गायिकेचा नावाने एकेरी उल्लेख करण्याची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे दुसऱ्याच शनिवारी ती सर्वांच्या तोंडी 'बाई' झाली. चौतीस वर्षे शाळेत ते संबोधन माझे होते आणि मंडळातही मला सगळे बाईच म्हणत असत.

तेव्हापासून मी मालतीताई आहे.

*

पहिला टप्पा होता बालपणाचा. नऊ वर्षांची मुलगी चर्चमध्ये गाते आहे, मागे समूह आहे, आणि ध्वनिमुद्रण इतके जुने की सुरांपेक्षा खरखर अधिक.

गाणे संपल्यावर गोडबोल्यांनी वही उघडली. "घराणं?"

"घराणं नसतं, काका," मुग्धा म्हणाली. "चर्चमध्येच शिकली."

गोडबोल्यांनी लिहून घेतले: घराणे, चर्च. "आणि गुरू?"

"बहुतेक वडील. ते तिथले पाद्री होते."

"वडील नव्हेत," वसुधाताई म्हणाल्या. "आई. शेवटचा सूर बघ कसा ठेवला आहे. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून आलेला आहे तो."

वसुधाताई ख्यालगायन शिकलेल्या. मंडळातले खरे कान त्यांचे. मात्र त्या वेळी त्यांच्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. बोलणे परत आले होते, गाणे परत आले नव्हते. वरचे सूर तर गेलेच होते, आणि जे उरले होते त्यांत त्या गात नसत. तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी त्यांनी गोडबोल्यांना देऊन टाकली होती. त्या विषयावर कोणी बोलायचे नाही, हा नियम मात्र सर्वजण पाळत.

मुग्धाने घरी जाऊन शोध घेतला. चर्चमधला समूह बाईंची आई शिकवीत असे.

गोडबोल्यांनी वहीत दुरुस्ती केली. तपशील कोठून मिळाला त्या रकान्यात त्यांनी लिहिले: वसुधाताईंचा कान.

*

तिसरा टप्पा म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले बाईंचे पहिले गाणे. त्याला ठेका असा की सत्तरीतले हातही आपोआप टाळी देऊ लागले. मुग्धाने गाणे थांबवले.

"सगळे चुकीच्या ठिकाणी टाळी देताय."

अकरा माणसांनी तिच्याकडे पाहिले. आम्ही सगळे समेवर होतो. एकही हात इकडे-तिकडे नव्हता.

"इथे पहिल्या मात्रेवर टाळी देत नाहीत," ती म्हणाली. "दुसरीवर आणि चौथीवर द्यायची."

"सम येऊन गेल्यावर टाळी?" गोडबोले म्हणाले. "म्हणजे बस सुटल्यावर हात दाखवायचा."

आम्ही प्रयत्न केला. चार मात्रा मोजायच्या, पहिली सोडायची. पहिली सोडणे हे आमच्यापैकी कोणाच्याही हातून होईना. ज्यांना ताल मुळीच कळत नाही, त्या कर्णिकबाईंना ते पहिल्या फेरीतच जमले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. ज्यांनी आयुष्यभर तबल्याची साथ ऐकली ते सगळे अनुत्तीर्ण झाले.

शेवटी वसुधाताईंनी प्रश्न सोडवला. "समेवर बाई स्वतः उभ्या आहेत," त्या म्हणाल्या. "आपण तिथे गर्दी कशाला करायची?"

त्यानंतर सर्वांना जमले.

*

पाचव्या टप्प्यात बाईंना त्यांच्या क्षेत्रातील सर्वांत मोठे पारितोषिक मिळाले. मुग्धाने त्या समारंभाची चित्रफीत दाखवली. बाई मंचावर येतात, सन्मानचिन्ह हातात घेतात, आणि कंपनीचे, दिग्दर्शकाचे, कुटुंबाचे आभार मानण्यापूर्वी पियानोवर साथ करणाऱ्या गृहस्थांचे पूर्ण नाव घेतात. कॅमेऱ्याला ते गृहस्थ सापडेपर्यंत त्या थांबतात.

गोडबोल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"चाळीस वर्षं साथ केली," ते म्हणाले. "निवेदिकेनं माझं नाव एकदा घेतलं. तेही गोखले म्हणून."

वसुधाताईंच्या मागे ते चौदा वर्षे वाजवीत होते. चहाच्या वेळी वसुधाताईंनी पहिला कप स्वतः नेऊन गोडबोल्यांना दिला.

*

आता जे सांगायचे आहे त्यात मी उणी पडले, म्हणून ते गाळणे मला शोभणार नाही.

वसुधाताईंची सून, त्यांच्या अद्वैतची बायको केतकी, गरोदर होती. तिच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना पुण्याहून येणे शक्य नव्हते. एका शनिवारी केतकी सासूबाईंना न्यायला आली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "आई, बारशाला पाळणा तुम्हीच म्हणायचा हं. मी अद्वैतला सांगून ठेवलंय."

"मोबाइलवर लावा," वसुधाताई म्हणाल्या. "हल्ली फार छान मिळतात."

"मोबाइलला नातवंड होणार आहे का?"

"केतकी, नाही म्हटलं ना."

तिथेच थांबणे योग्य होते. परंतु मी म्हणाले, "वसुधाताई, पेपर कोरा देणाऱ्या मुलीला मी कधी सहानुभूतीचे गुण दिलेले नाहीत."

हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले आहे आणि त्याचा उपयोग झालेला पाहिला आहे. वसुधाताईंनी पर्स उचलली, लेकीच्या वयाच्या सुनेचा हात धरला आणि त्या गेल्या. पुढचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत.

दुसऱ्या शनिवारी गोडबोले मला एमआरटी स्टेशनपर्यंत सोबत करीत म्हणाले, "मालतीताई, त्यांनी पेपर कोरा दिलेला नाही. त्यांचा हात मोडलाय."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि क्षमा मागितली. त्यांनी मला भाजी निवडायला बसवले. गवार निवडून संपली. मग त्या म्हणाल्या, "येते मी शनिवारी. पण पाळण्याचं काढायचं नाही."

*

त्या शनिवारी मुग्धाने आठव्या टप्प्यावरून थेट दहाव्यावर उडी घेतली. आम्हां सर्वांना कारण ठाऊक होते. नववा चौकोन मी स्वतःच्या हाताने लिहिला होता: घशाची शस्त्रक्रिया, सहा वर्षांचे मौन, पुनरागमन.

वसुधाताई तक्त्याकडे पाहत होत्या. "मधला एक राहिला," त्या म्हणाल्या.

"तो नंतर घेऊ या, ताई," मुग्धा म्हणाली.

"नंतर कधी? क्रमानं चाललंय ना सगळं?"

मुग्धाने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी बोलले नाही.

तिने एकच गाणे दोन वेळा लावले: एकदा शस्त्रक्रियेपूर्वीचे, एकदा नंतरचे. पहिल्यात बाई शिखरावर जाऊन तिथे घर करून राहतात. दुसऱ्यात त्या शिखराकडे जातच नाहीत. आवाज जड, काठाशी फाटलेला. श्वास ऐकू येतो. गोडबोल्यांनी पेटीवर हळूच सूर तपासला.

"आधी पट्टी काळी चार होती," ते म्हणाले. "आता उतरून पांढरी तीन."

"पुन्हा लाव," वसुधाताई म्हणाल्या. "दुसरं."

ते आम्ही तीनदा ऐकले. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी मुग्धाला विचारले, "लोक उठून गेले का?"

मुग्धाने तक्त्याकडे पाहिले. तिने खोटे बोलावे अशी खोलीतील प्रत्येकाची इच्छा होती, माझीसुद्धा.

"पहिल्या कार्यक्रमाला काही जण गेले," ती म्हणाली.

"आणि बाई?"

"बाई गात राहिल्या."

वसुधाताईंनी मान हलवली. दाद म्हणून की नकार म्हणून, ते मला कळले नाही. चहा न घेता त्या घरी गेल्या. मात्र जाताना त्यांनी गोडबोल्यांना विचारले, "तंबोऱ्याची पेटी चालू आहे की बंद पडली?"

"चालू आहे."

"मग उद्या आणून द्या."

पुढचे दोन महिने त्यांच्या घरातून काय ऐकू येते, हे केतकीने कोणाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

*

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे ठरले. फ्लॅट लहान, माणसे पंचवीस, आणि या सगळ्यांवर राज्य होते लिम आँटींचे. इथल्या चिनी कुटुंबांत बाळंतिणीची महिनाभर काळजी घेणारी बाई ठेवतात, तशी केतकीने ठेवली होती. साठीच्या, बुटक्या, कडक. केतकीने गार पाणी पिऊ नये, केस धुऊ नयेत, वारा लागू देऊ नये, आले भरपूर खावे, असे त्यांचे नियम होते. वसुधाताईंचे नियमही तेच होते, फक्त आल्याच्या जागी डिंक होता. पहिल्याच आठवड्यात दोघींचे जमले. लिम आँटी त्यांना 'आ मा' म्हणत. त्यांच्यात आजीला तसे म्हणतात. इंग्रजी वाक्याच्या शेवटी इथल्या रिवाजाप्रमाणे त्या 'लाह' लावीत.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले: शर्वरी. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मग सगळे थांबले, कारण आता पाळणा.

अद्वैतने खिशातून मोबाइल काढला होता. वसुधाताईंनी त्याच्याकडे न पाहता तो खाली ठेवण्याची खूण केली आणि गोडबोल्यांना म्हणाल्या, "पांढरी तीन."

त्या गाऊ लागल्या. तो आवाज आम्ही पूर्वी ऐकलेला नव्हता. चौदा वर्षे साथ केलेल्या गोडबोल्यांनीही ऐकलेला नव्हता. भाता ओढणारा त्यांचा हात पहिल्या ओळीला थबकलेला मी पाहिला. आवाज खोल होता आणि बारीक होता. मागच्या रांगेतील माणसांना पुढे वाकावे लागले. दोन कडवी झाली.

तिसऱ्या कडव्यात मुलीचे नाव येते. तिथे आवाज गेला. फाटला नाही, चिरकला नाही, नुसता गेला. ओठ हलले आणि काही आले नाही.

गोडबोल्यांनी सूर धरून ठेवला. केतकीने मान खाली घातली. अद्वैत मोबाइलकडे पाहू लागला. कोणी खोकले नाही, कोणी 'असू दे' म्हटले नाही. पंचवीस माणसे सतरंजीची नक्षी पाहत होती, आणि त्यांत मीही होते.

लिम आँटी पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते. वसुधाताई पूर्वी कशा गात असत, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिले आणि कपाळाला आठी घालून वर पाहिले.

"आ मा, व्हाय स्टॉप? बेबी स्टिल लिसनिंग लाह."

वसुधाताईंनी बाळाला 'सॉरी' म्हटले आणि कडवे पहिल्यापासून घेतले.