मौनाच्या तासाला ठकू येते

मिस डॉर्कस आतला आवाज ऐकायला डोळे मिटते आणि पाचव्या मिनिटाला पेंगायला लागते. घ्या! तुरुंगातल्या चाळीस बायका समोर चटईवर ताठ बसल्यात, तोंडाला कुलूप, आणि कुलूप घालणारीचीच मान छातीवर.

बाई क्वेकर पंथाची. त्यांच्यात पाद्री नाही, गाणं नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं, आत उजेड पडला की म्हणे अंग थरथरतं, मग बोलायचं. आपल्या विलायतेत बसा की खुशाल, कोण नको म्हणतंय? पण बाईनं ते खूळ इथल्या जनाना बराकीत आणलं. रोज सकाळी एक तास मौन. जी बोलेल तिची त्या महिन्याची घरच्यांशी मुलाखत बंद. हेही प्रेमानंच हं! आता इलाख्यातल्या सगळ्या तुरुंगांत हाच नियम लावा, असा अर्ज तिनं लिहिलाय. तास संपला की तो टपालात जायचा. अर्ज तिच्या मुठीत आहे.

पेंगेत चटयांची लाकडी बाकं होतात. तिच्या गावचं प्रार्थनाघर, खिडकीबाहेर बर्फ. शेजारच्या बाकावर कुणीतरी जातं मांडून दळतंय.

"इथे आवाज करायचा नाही," डॉर्कस कुजबुजते.

"मग काढा मला भाईर," ठकू म्हणते.

धान्याच्या चोरीत दोन वर्षांची सजा झालेली, पोटुशी ठकू. गेल्या महिन्यात याच मौनाच्या तासाला मेली. जातं गरगर फिरतंय, पीठ मात्र पडत नाही.

"तू शांतपणे गेलीस, ठकू. मी पाहिलं ना, तुझं सगळं अंग थरथरत होतं. तुझ्यावर उजेड उतरला होता. अर्जात लिहिलंय मी तसं."

ठकू खदाखदा हसते.

"उजेड? अगं बये, कळा व्हत्या त्या! सातव्याच महिन्यात सुरू झाल्या. पदराचा बोळा कोंबला तोंडात न् बसले तुझ्याम्होरं. न् तू? डोळं मिटून ग्वाड हसत व्हतीस."

"मग ओरडायचं होतंस!"

"वरडले असते. पर ऐतवारी माझी पोर भेटीला यायची व्हती. तिला तू दारातनंच माघारी धाडली असतीस."

डॉर्कस आठवून बघते. एरवी प्रत्येक गोष्टीला बायबलातलं वचन तयार असतं तिचं.

बाकं गेलीत. आता ती बराकीतल्या ओल्या फरशीवर उताणी आहे, छतातून बर्फ पडतंय, आणि ठकू उशाशी बसून पदर पिळतेय.

"घे, धर दातात. नियम करनारनीला चव तरी कळू दे."

बोळा टाळूला लागतो. डॉर्कस ओरडायला बघते, ओरडता येत नाही. श्वास कोंडतो. पाय झाडते. ठकू हात जोडून, डोळे मिटून, अगदी डॉर्कससारखं गोड हसते.

"थरथरायला लागली बाई. पडला वाटतं उजेड!"

डॉर्कस खाडकन जागी होते. तोंडात खरंच बोळा आहे. ओढून काढते तर पदर नव्हेच, तिचा अर्ज! अर्धा चावलेला, लाळेनं भिजलेला, दातांनी आरपार भोकं पडलेला. शाईनं जीभ कडू झालीय.

समोर चाळीस बायका तिच्याकडेच बघतायत. किती वेळ, देव जाणे. एकीनंही जागा सोडलेली नाही. दाराशी वॉर्डर भागीरथीबाई उभी, तीही बघतेय.

"मी गुदमरत होते!" डॉर्कस किंचाळते. "दिसत नव्हतं तुम्हाला? एकीनं तरी हाक का नाही मारली?"

कुणी बोलत नाही. तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत.