पाहुण्या इंजिनाचा रंग

शेजाऱ्यांनी मला रेल्वेच्या शेडवर याल का असं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढं बोलायची माझी तयारी नव्हती.

माझा नवरा जाऊन तेव्हा तीन-चार महिने झाले होते. तो गेला ती रविवारची सकाळ होती. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून तो आत आला, बूट काढता काढता चहा टाक म्हणाला, आणि चहाला उकळी येईपर्यंत गेलासुद्धा. तो स्वतः डॉक्टर होता. माणसं अशी जातात हे त्याने मला जेवताना कितीतरी वेळा सांगितलं होतं, त्यामुळे मला त्यात नवीन काही वाटलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींनी आळीपाळीने डबे आणले. त्यांतली एक नागपूरची. ती हात धरून म्हणाली, रडून घे गं, मोकळं वाटेल. मी मान हलवली. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तशी मी सबंध झाले होते. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला असते. ती रोज फोन करून विचारायची, "आई, डिड यू ईट?" मी हो म्हणायची. कधीकधी ते खरंही असायचं.

शेजारी म्हणजे आमच्या श्रूजबरीच्या घराला लागून राहणारे एक निवृत्त गृहस्थ. शाळेत इतिहास शिकवायचे. इतक्या वर्षांत आमची ओळख कुंपणावरून बोलण्याइतकी आणि एकमेकांचा बर्फ उडवायचा स्नो-ब्लोअर मागण्याइतकीच होती. घरापासून तासाभरावर एक छोटी हौशी रेल्वे आहे. जुन्या बंद पडलेल्या लायनीचे काही मैल लोकांनी वर्गणी काढून जिवंत ठेवलेत. उन्हाळ्यापासून पानं रंगेपर्यंत शनिवार-रविवारी तिथे वाफेची गाडी चालते. शेजारी तिथे तिकिटं तपासतात, डबे झाडतात, पडेल ते काम करतात. मी आयुष्यभर रंगांच्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली हे त्यांना ठाऊक होतं. रेल्वेला रंगाबद्दल काही विचारायचं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं.

जाताना गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. मी विचारत नव्हते, ते सांगत होते, आणि मला ते सोयीचं होतं. रेल्वेच्या स्वतःच्या इंजिनाचा बॉयलर कायद्याप्रमाणे तपासणीला उघडला होता आणि या वर्षी तो काही परत जोडून होणार नव्हता. डिझेल इंजिन होतं, पण डिझेल बघायला लोक येत नाहीत. म्हणून या मोसमापुरतं बाहेरचं इंजिन भाड्याने आणायचं ठरलं होतं. अशी पाहुणी इंजिनं मिळतात म्हणे. कुणाकुणाच्या मालकीची असतात, मोसमाला इकडे, मोसमाला तिकडे जातात. रुळांवरून नाही, रस्त्याने, भल्यामोठ्या ट्रेलरवर चढून.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन उतरवणं चाललं होतं. आधी इंजिन, मग मागची कोळसा-पाण्याची गाडी. तिला टेंडर म्हणतात. सगळं काळंभोर. लोक फोटो काढत होते. गर्दीपासून लांब एक उंच, वाळकेसे म्हातारे गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. ते इंजिनाचे मालक. दक्षिणेकडच्या राज्यातून ट्रेलरच्या मागे स्वतःची गाडी चालवत आले होते. ते आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांनी मिळून हे इंजिन एका दगडाच्या खाणीतून भंगारात उचललं होतं आणि पुढची अनेक वर्षं त्याच्यावर घातली होती. भाऊ आदल्या वर्षी गेला. हेही शेजाऱ्यांनीच मला सांगितलं, हळू आवाजात, माझ्यासमोर मरणाचा विषय काढायची परवानगी घेत असल्यासारखं.

भांडण रंगावरून होतं. त्या लायनीच्या वर्धापनाचं वर्ष होतं. रेल्वेच्या अध्यक्षबाई आधी बँकेत मॅनेजर होत्या, स्वभावाने स्पष्ट. त्यांना हवं होतं की पाहुण्या इंजिनाला जुन्या लायनीचा हिरवा रंग द्यावा, टेंडरवर लायनीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहावं. लोक आपली गाडी बघायला तिकीट काढतात, त्यांना आपली गाडी दिसली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. शेजारी आणि आणखी काहीजण याच्या विरुद्ध. हे इंजिन इथे कधी धावलं नाही, त्याच्यावर आपलं नाव लिहिणं म्हणजे पाहुण्याला आपल्या घराचं आडनाव लावण्यासारखं, असं ते म्हणत. मालकांना दोन्हीकडच्यांनी गाठलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मोसम संपल्यावर खालच्या काळ्याला धक्का न लावता निघणारा रंग असेल तर आधी दाखवा, मग बघू, एवढंच ते म्हणाले होते. असा रंग मिळेल का, हे मी सांगायचं होतं.

मिळेल, पण आधी खाली काय आहे ते बघावं लागेल, मी म्हटलं. किती दिवसांनी मी एखादं वाक्य विचार न करता बोलले होते.

पुढच्या शनिवारी मी माझं जुनं सामान घेऊन गेले. टेंडरच्या मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही असा कोपरा मालकांनी दाखवला आणि ते बॉयलरकडे गेले. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तोंडाला मास्क लावून, पाणी सोडत, ओल्या पॉलिश पेपरने मी गोल गोल घासायला लागले. मधे खोल, कडेला उथळ. असं घासलं की रंगाचे थर कांद्याच्या चकतीसारखे एकाभोवती एक दिसतात. काळा. पुन्हा काळा. मधे काजळीची बारीक रेघ, पुन्हा काळा. असे बरेच हात होते. मग तपकिरी मळ, आणि त्याच्याखाली हिरवा. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा. त्यावर एका बाजूला केसाएवढी पिवळी रेघ, कुठल्यातरी अक्षराची कड असावी.

मी ते फडक्याने पुसलं आणि बघत राहिले. लॅबमध्ये असते तर कुणाला तरी हाक मारली असती. इथे मालकांनाच बोलवायचं होतं.

"खाली हिरवा आहे," ते आल्यावर मी म्हटलं.

ते चाकाला धरून सावकाश खाली बसले. त्या चकतीकडे बघून म्हणाले, "प्रायमर असेल."

"नाही. त्याच्यावर वॉर्निश आहे, आणि वॉर्निशवर धूर बसलाय. म्हणजे या रंगात ते काही वर्षं चाललंय."

"खात्री आहे तुमची?"

"हो."

कारखान्यातल्या मॅनेजरला ज्या आवाजात रंगाची बॅच फेल गेल्याचं सांगायची, त्याच आवाजात मी हे सांगितलं. त्यात काही दडलेलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. ते तिथल्या एका उलट्या बादलीवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. मग तुटक तुटक सांगत गेले. त्यांचे वडील खाणीत याच इंजिनावर कोळसा टाकायला होते. दोघा भावांनी ते लहानपणापासून काळंच पाहिलं. इंजिन विकत घेतल्यावर कुणीतरी म्हणालं की खाणीत येण्याआधी हे पॅसेंजर गाडीला होतं, आणि तेव्हा हिरवं असणार. भावाने त्या माणसाला जवळजवळ हाकलून दिलं. बाबांचं इंजिन काळं होतं, विषय संपला.

"मी त्याला म्हटलं होतं, एका कोपऱ्यात जरा खरवडून बघू," ते म्हणाले. "तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. परत कधी मी विषय काढला नाही." मग म्हणाले, "आता माझं बरोबर निघालं. सांगू कोणाला?"

मी ओल्या कागदाची घडी घालत होते. ती घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग जे दिसत होतं ते सांगितलं. हिरव्याचा एकच थर आहे. काळ्याचे इतके हात आहेत, आणि प्रत्येक दोन हातांच्या मधे काजळी आहे. हिरव्यापेक्षा काळ्या रंगात हे इंजिन खूप जास्त वर्षं राबलंय. तुमच्या भावाचंही चूक नव्हतं. हे मी त्यांच्या समाधानासाठी म्हटलं नाही, ते तसं होतं म्हणून म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी विचारलं की माझे मिस्टर काय करायचे. शेजाऱ्यांनी सांगितलेलं दिसत होतं. मी सांगायला लागले, डॉक्टर होता, आणि थांबलेच नाही. त्या सकाळचंही सांगितलं. धप्प असा आवाज आला, मी वळले, आणि त्याच्याकडे जायच्या आधी हात लांब करून गॅस बंद केला. चहा उतू जात होता. इतक्या लोकांनी विचारलं होतं, काय झालं, कसं झालं, पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. त्या परक्या माणसाला, इंग्रजीत, मास्क गळ्यात लटकत असताना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या भावाला अँब्युलन्समध्ये चढवला तेव्हा मी कुत्र्याला खायला घालायला परत घरात गेलो." एवढंच. मग कुणीतरी जेवायला बोलावलं.

रेल्वेच्या मंडळींच्या सभेत या बातमीचा उलटाच अर्थ घेतला गेला. हिरवा निघाला म्हटल्यावर अध्यक्षबाई खूश झाल्या. मग तर हिरवाच खरा, त्या म्हणाल्या, आता कुणी हरकत घ्यायचं कारण नाही. शेजाऱ्यांचा चेहरा पडला. मी आधीच रेल्वेच्या जुन्या डब्याच्या दारावरच्या मूळ रंगाची कपची त्या चकतीशेजारी धरून बघितली होती. तो हिरवा वेगळा, पिवळसर. मी तसं सांगितलं. बाईंनी विचारलं, फलाटावरून कुणाला हा फरक कळेल का? नाही कळणार, मी म्हटलं. तेही खरं होतं.

शेवटी सगळे मालकांकडे बघायला लागले. ते म्हणाले की इंजिन या मोसमात काळंच राहील. हिरवा होता तो दुसऱ्या कंपनीचा, तुमचा नव्हे, आणि आपण स्वतः कुणाचा रंग ठेवायचा, वडिलांचा काळा की त्याआधीचा हिरवा, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. नावाचं म्हणाल तर वर्धापनाच्या शनिवार-रविवारपुरतं लावा. मग टेंडरच्या पत्र्याला चिकटेल अशा मॅग्नेटच्या शीटवर आम्ही अक्षरं रंगवून घेतली. टेंडर काही बॉयलरसारखं तापत नाही, त्यामुळे काम भागलं. शेजारी त्या दोन दिवसांत टेंडरच्या बाजूला फिरकले नाहीत. लोक भरपूर आले. मुलं शिटीला कान झाकत होती, आयाबाप फोटो काढत होते. रंगाबद्दल एकानेही विचारलं नाही.

मी उन्हाळाभर जात राहिले. आवड लागली म्हणावं असं नव्हतं. शनिवार आला की शेजारी हॉर्न द्यायचे आणि मी जाऊन बसायची. डब्यांच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवायला दिल्या होत्या, त्या रंगवायची.

पानं गळून गेल्यावर इंजिन परत ट्रेलरवर चढलं. निघायच्या आधी मालकांनी विचारलं, तो हिरवा तंतोतंत करून द्याल का. मी टेंडरवरून एक बारीक कपची काढून घरी आणली. डायनिंग टेबल उत्तरेच्या खिडकीशी सरकवलं, कारण रंग त्याच उजेडात नीट दिसतो, आणि रोज थोडं थोडं मिसळून कार्डांवर हात मारून बघायला लागले. हिरव्यात काळा टाकला की मरायचा, पिवळा टाकला की भडक व्हायचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी आली तेव्हा टेबलभर कार्डं वाळत होती. "आई, व्हॉट इज ऑल धिस?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने एकेक कार्ड उचलून खिडकीशी धरलं आणि एक बाजूला काढलं. "धिस वन." बरोबर तेच होतं. आम्ही त्या दिवशी टेबलावर जागा नव्हती म्हणून सोफ्यावर ताटं घेऊन जेवलो. आमटीत मीठ कमी आहे हे मला जेवताना कळलं, आणि मी उठून मीठ आणलं.

रंगाचा डबा मी पोचता केला. वसंतात मालकांचा फोन आला. रंगवलं का, मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "डबा शेडमध्ये आहे. येताजाता दिसतो."

मी सांगितलं की नुसता ठेवू नका, महिन्यातून एकदा उलटा करून ठेवत जा, नाहीतर रंग तळाला जाऊन बसतो. करतो, ते म्हणाले.