डाव्या अंगाचा जमादार

उकंडरावांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे पोर जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिलं. टाकाऊ पोर आहे, कशाला न्यायचं, असं यमाला वाटावं हा त्यातला डाव. पोर जगलं, नाव उकंडराव पडलं. ज्याच्या आयुष्याची सुरुवातच अशी यमाला बनवून झाली, त्यानं पुढं कोणावर भरवसा ठेवावा तरी कसा! दुकानदारानं साखर तोलली की उकंडराव आधी तराजूच्या पारड्याखालून हात फिरवत. जावई पाया पडायला वाकला की नकळत स्वतःचा खिसा चाचपत. बायकोची, केशरबाईची, भाजी एखाद्या दिवशी फक्कड झाली तर घास तोंडात घोळवून म्हणत, "आज घरात कायतरी फुटलं वाट्टे."

गाव मेडशी, पण धंदा रिसोडच्या बैलबाजारात. उकंडराव तिथं दलाल होते. रुमालाखाली बोटं धरून सौदे जुळवायचे आणि त्याआधी गिऱ्हाइकासाठी बैल पारखायचा. बैलाचे दात, खूर, चाल आणि मुख्य म्हणजे डोळा. डोळ्याची खोड विकणारे फार हुशारीनं लपवतात. अधू डोळ्याची बाजू भिंतीकडं करून बैल उभा करतात, नाहीतर त्या अंगानं स्वतःच उभे राहतात. उकंडरावांपुढं हे चालत नसे. विकणाऱ्याला ते एक अक्षर विचारत नसत. "इचारलं का माणूस खोटं बोल्ते," ते म्हणत, "अन् इचारनाऱ्याले काई येत नाई, हे त्याले समजून जाते." या एका नियमावर त्यांनी बाजारात नाव कमावलं होतं. बैल घेऊन येणारा माणूस आपसूक त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभा राही, आणि हा आपला मान आहे असं समजून उकंडराव मिशीला हात लावत.

खोड होती ती उकंडरावांतच. दुष्काळ सरला त्या साली त्यांचा डावा डोळा मंदावला आणि हळूहळू त्यात नुसतं धुकं उरलं. अधू डोळ्याचा पारखी कोण ठेवणार? म्हणून त्यांनी ही गोष्ट केशरबाईलासुद्धा कळू दिली नव्हती. पोहरादेवीच्या यात्रेत एका फिरत्या विक्याकडून त्यांनी डोळ्यात घालायची पूड आणली होती. ती धोतराच्या कनवटीला असे. पूड घातली की आधी आग होई, मग गारगार वाटे. गार वाटतं म्हणजे गुण येतोय, असं ते धरून चालले होते. साऱ्या दुनियेवर संशय घेणाऱ्या या माणसानं त्या एका पुडीवर मात्र आंधळा विश्वास टाकला होता.

खरा आधार होता तो जमादारचा. जमादार म्हणजे छातीवर पांढरा ठिपका असलेलं त्यांचं काळं कुत्रं. ते नेहमी उकंडरावांच्या डाव्या अंगानं चाले. डावीकडून गाडी आली, बैलानं शिंग वळवलं, वाटेत खड्डा आला, की पोटरीला अंग घासून त्यांना बाजूला सारी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. उकंडराव त्याच्यावर जीव टाकत, आणि लोकांना वाटे, चोरांच्या भीतीनं म्हातारा कुत्रं सोबत बाळगतो.

एका वर्षी तुरी कापून झाल्यावर जमादार एका मांजरामागं शेतात घुसला. तुरीचे खुंट सुळ्यासारखे उभे होते. त्यातला एक त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा मिटला, पाणी गळायला लागलं. उकंडरावांनी कनवटीची पुडी काढली आणि आपल्या डोळ्यात घालत तशीच चिमूट कुत्र्याच्या डोळ्यात सोडली. जमादार किंचाळला, पण हात चाटून गप्प बसला. आठवडाभरात बुबुळावर दुधासारखी साय धरली. आता जमादार चाले तोही आपलं उजवं अंग पुढं करून, आणि एके दिवशी गावातल्याच बोळात बैलगाडीचा आस उकंडरावांच्या डाव्या बरगडीला घासून गेला. ते पडले. लोक धावले. "पाय सटकला," उकंडराव म्हणाले. कुत्र्याचा डोळा गेला तर आपलं झाकलेलं सगळं उघडं पडणार आणि बाजार सुटणार, हे त्यांना तिथं धुळीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

मालेगावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कुत्र्याचा डोळा पाहिला आणि सरळ सांगितलं, "हे माझ्या हातचं नाही. अकोल्याला देवमन इंगोले म्हणून जनावरांचे डॉक्टर आहेत, ते डोळ्याचंच काम जास्त करतात. त्यांच्याकडं न्या, आणि लवकर न्या."

झालं! हातात आलेलं गिऱ्हाईक कोणी दुसऱ्याकडं धाडतो का? उकंडरावांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नक्की दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार.

शेजारच्या शालिग्रामनं तर हसून लोळण घेतली. "आपल्या डोयाले डॉक्टर भेटत नाई, अन् कुत्र्याच्या डोयाले अकोल्याचा डॉक्टर! त्यापक्षा रिसोडले जगदेव वैद्याकडं जा. बैल असो, कुत्रं असो, थो काईच इचारत नाई. हात लावून सारं सांगते."

काहीच विचारत नाही! हे मात्र उकंडरावांच्या मनात भरलं. पारखी असावा तर असा.

तरी संशय आपलं काम करतच होता. रिसोडला पोचल्यावर त्यांनी आधी स्टँडवरच्या चहावाल्याला विश्वासात घेतलं. "कोनाले सांगू नको, रुईचा चीक उडाला ना त्याच्या डोयात." पुढं पानवाल्याजवळ ते कुजबुजले, "शेजाऱ्यानं चुना फेकला, बापा." दोन्ही धादांत खोटं. मग पानवाल्याकडंच एक पान रमतगमत खाऊन ते वैद्याच्या ओसरीवर गेले.

जगदेव वैद्य खाटेवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी जमादारच्या कपाळावर हात ठेवला, मान डोलावली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "कायं कुत्रं. डावा डोया. मेडशीकडचं जनावर." उकंडरावांचं काळीज सुपाएवढं झालं. ते हात जोडणार, तेवढ्यात वैद्य पुढं बोलले, "रुईचा चीक गेला याच्या डोयात."

उकंडरावांचे हात जागच्या जागी राहिले. चहावाला! त्यांनी दोरी धरली आणि ते ओसरी उतरले. लबाडी पकडली म्हणून एरवी त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं असतं. आज लागेना. डोळ्यावरची साय आणखी दाट झाली होती, आणि जमादार चालता चालता स्टँडच्या खांबाला धडकला होता. आपण फसता फसता वाचलो, पण त्यानं कुत्र्याचा डोळा काही वाचत नाही, हे त्यांच्या मनाला टोचत राहिलं.

उरला अकोल्याचा डॉक्टर. अकोल्याच्या एसटीचा कंडक्टर कुत्रं घेईना. शेवटी पोहरादेवीकडचा लालसिंग, बाजारात बैल आणणारा ओळखीचा व्यापारी, ट्रकमध्ये बैल घालून अकोल्याला निघाला होता, त्यानं दोघांना घेतलं. "काय झालं जमादारले, भाऊ?" त्यानं विचारलं. "बोरीचा काटा," उकंडराव म्हणाले. हेही खोटंच. डॉक्टरच्या तोंडून बोरीचा काटा निघाला, तर लालसिंगही त्यांच्यातलाच, हे कळणार होतं. पातूरचा घाट उतरेपर्यंत ते लालसिंगकडं तिरप्या नजरेनं पाहत होते.

स्टेशनाकडच्या एका गल्लीत डॉक्टर इंगोल्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. माणूस तरुण, बाह्या वर सारलेल्या, बोलणं आपल्याच मुलखातलं. भिंतीवर सरकारी कॅलेंडर, टेबलावर बॅटरी. त्यांनी लालसिंगला कुत्र्याचं डोकं धरायला सांगितलं आणि विचारायला सुरुवात केली.

"कधीपासून आहे, काका?"

"पाहा ना तुमीच."

"कशानं लागलं?"

"तुमाले दिसत नाई काय?"

"पाणी जास्त येत होतं की चिपडं? उजेडात डोळा मिटतो का? याआधी कोणी औषध दिलं का? डोळ्यात काही घातलं का?"

उकंडरावांना मनातल्या मनात हसू आलं. हा तर विचारतच सुटला! याला काही म्हणजे काही येत नाही. ते दोरी उचलायला वाकले. "घातलं नाई काई," ते म्हणाले. "चाल रे लालसिंग."

डॉक्टरनं जमादारच्या डोळ्यात एक रंगीत थेंब टाकला होता. बॅटरी जवळ धरून ते बराच वेळ पाहत राहिले. "थांबा जरा. काही टोचलं तर जखम एका जागी असते. इथं सगळं बुबुळ खरवडलंय. काहीतरी घातलंय, एवढं दिसतंय. पण काय घातलंय, ते मला माहीत नाही."

बाजारात उकंडरावांचं आयुष्य गेलं होतं. तिथं 'मला माहीत नाही' असं म्हणणारा माणूस त्यांना एकदाही भेटला नव्हता. त्यांचा हात दोरीवरच थबकला.

"चुना असेल तर एक उपाय, मोरचूद असेल तर दुसरा, नुसती वाटलेली शिंप असेल तर तिसरा," डॉक्टर सांगत होते. "अंदाजानं औषध टाकलं तर आहे तेवढा डोळाही जाईल. तुम्ही सांगितलं तर वाचण्यासारखा आहे, काका."

उकंडराव लालसिंगला म्हणाले, "जाय, बाहीर च्या घेऊन ये." डॉक्टर म्हणाले, "त्यांना नका पाठवू, डोकं हललं तर पंचाईत होईल." लालसिंग जागचा हलला नाही. लालसिंगचं तोंड म्हणजे बाजाराची दवंडी, असं उकंडराव मानत. त्यांनी सावकाश कनवटीची पुडी सोडली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं पूड बोटावर घेतली, हुंगली, पाण्यात टाकून पाहिली. "यात एकच वस्तू नाही. ही कुत्र्यासाठी आणली होती का? दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात घातलीय का कधी? त्या डोळ्याचं काय झालं, ते कळलं तर माझं काम सोपं होईल."

जमादारनं मान उचलायचा प्रयत्न केला आणि उघड्या डोळ्यानं उकंडरावांना शोधलं. ते नेहमीप्रमाणं त्याच्या उजव्या अंगाला उभे होते. कुत्र्याच्या त्या एका नजरेनं उकंडरावांना भडभडून आलं. आपण हे मुकं जनावर आपल्या खोटेपणापायी आंधळं करायला निघालो, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"माह्या डोयात घालतो," ते म्हणाले. "डाव्या. आंदी आग होते, मंग गार लागते, मंग काईच लागत नाई. आता दिसत नाई त्या डोयानं. धुकं दिस्ते नुसतं." मग एका दमात त्यांनी खुंट, मांजर, चिमूट, सगळं सांगून टाकलं. लालसिंगकडं पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

डॉक्टर पुढं झाले. त्यांनी जमादारचा डोळा पुन्हा पुन्हा धुतला, वरची साय अलगद उचलली, मलम घातलं, पट्टी बांधली. "थोडा डाग राहील, पण याला दिसेल," ते म्हणाले. मग बॅटरी उकंडरावांच्या तोंडाकडं वळवली. "तुमचा मी पाहू शकत नाही, मी जनावरांचा डॉक्टर. इथल्या मोठ्या दवाखान्यात उद्याच दाखवा. उजवा तरी वाचवा. आणि तिथं विचारतील ते सगळं सांगा, काका."

बाहेर पडले तेव्हा ऊन उतरलं होतं. पट्टी बांधलेला जमादार लालसिंगच्या खांद्यावर होता. उकंडराव वाट पाहत होते, हा आता कधी हसतो, कधी बोलतो. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "सांग आता साऱ्या बाजाराले, उकंडरावाचा डोया गेला म्हून."

"काय सांगू, भाऊ?" लालसिंग म्हणाला. "बाजाराले तं कदीचंच ठावं हाये. म्हून तं आमी समदे बैल तुमच्या उजव्या अंगानं आनतो. तुमच्या पारखीवर भरोसा हाये लोकाईचा. खोटा बैल तुमी आजवर कोनाच्या गयात बांधला नाई."

उकंडराव रस्त्यात उभेच राहिले. उजव्या हाताला येऊन थांबणारे ते सगळे व्यापारी त्यांच्या नजरेसमोर आले. आणि मग केशरबाई आठवली. पाण्याचा तांब्या ती किती वर्षं झाली नेमानं त्यांच्या उजव्या हाताशी ठेवत होती, आणि तिला डावं-उजवं कळत नाही म्हणून ते तिच्यावर खेकसत होते.

"मंग बोलले काहून नाई कोनी?"

"तुमी कदी इचारलं?"

लालसिंगनं कुत्र्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि फिरून उकंडरावांच्या डाव्या अंगाला आला. समोर अकोल्याची गर्दी होती, सायकली होत्या, टांगे होते. उकंडरावांनी हात पुढं करून लालसिंगचा दंड धरला आणि विचारलं, "पुढं खड्डा हाये काय रे?"